विश्लेषण : लघवी निसटते, अंग बाहेर येते, संबंध टळतात... या दुखण्यात गर्भाशय वाचवणारे डॉ. शिरोडकर कोण होते?

खोकला आला की लघवी निसटते, ओटीपोटात काही खाली उतरल्यासारखे वाटते आणि नवऱ्याच्या जवळ जायची भीती बसते. घराघरांत असलेल्या, पण क्वचितच बोलल्या जाणाऱ्या या दुखण्यावर एकेकाळी ठरलेले उत्तर होते : काहीतरी कापून टाका. तरुण बाईच्या बाबतीत हे उत्तर चुकीचे आहे, असे मानून नवी शस्त्रक्रिया बसवणाऱ्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्याविषयी...

शिर्डीच्या रांगेत पाणी न पिणाऱ्या बायका

रामनवमी, गुरुपौर्णिमा किंवा विजयादशमीला शिर्डीत दर्शनाची रांग काही तासांची होते. या रांगेत चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर असतात. कारण उपासाचे नसते. रांग सोडून स्वच्छतागृह गाठेपर्यंत लघवी थांबेल याची त्यांना खात्री नसते. एसटीत चढण्याआधी पाणी नको, लग्नघरी पाणी नको, शिंक आली की पाय एकमेकांवर घट्ट दाबायचे, पिशवीत एक जास्तीचा परकर ठेवायचा. हे सगळे इतके अंगवळणी पडलेले असते, की तो आजार आहे असे वाटतही नाही. बाळंतपणे झाली, वय झाले, आता असे व्हायचेच, अशी समजूत असते.

शिर्डीभोवतीचा राहाता, कोपरगाव, संगमनेर हा पट्टा उसाचा. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून, याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोड मजुरांच्या जोड्या फडात येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बायकोच्या वाट्याला मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणे हे काम येते. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत हे ओझे उचलले, की आधीच ताणलेल्या ओटीपोटावर पुन्हा ताण येतो. दवाखान्यात मात्र या बायका कंबरदुखीची किंवा अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार सांगतात. लघवीचे शेवटी, दार ओढून घेतल्यावर. संबंधांचे तर डॉक्टरांनी विचारल्याशिवाय नाहीच. अनेक डॉक्टर तेही विचारत नाहीत.

अंग बाहेर येणे म्हणजे नेमके काय?

बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तीनही अवयव या झोळीवर टेकलेले असतात आणि वरून अस्थिबंधांनी, म्हणजे चिवट दोऱ्यांसारख्या पट्ट्यांनी धरून ठेवलेले असतात. लवकरचे लग्न, लागोपाठ बाळंतपणे, लांबलेली प्रसूती, बाळंतिणीने लगेच उचललेले ओझे, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठ यांनी ही झोळी सैल पडते आणि पट्ट्या ताणल्या जातात. मग गर्भाशय योनीमार्गात खाली सरकते. गावाकडे याला अंग बाहेर येणे म्हणतात. त्याबरोबर मूत्राशयाची भिंतही खाली लोंबते.

लघवी निसटण्याचे मुख्य प्रकार दोन. खोकला, शिंक, हसणे, ओझे उचलणे यांनी पोटातला दाब वाढून निसटते तो पहिला. अचानक जोराची भावना होऊन मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच सुटते तो दुसरा. पुष्कळ बायकांना दोन्ही असतात. हेच दोन प्रकार संबंधाच्या वेळीही दिसतात. संबंध सुरू होताना दाबाने थेंब निसटत असतील तर ते बहुधा पहिल्या प्रकाराशी जोडलेले असते. सुखाच्या अत्युच्च क्षणी लघवी सुटत असेल तर मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाचा संशय घेतात. एक गंमत, खरे तर अडचण, अशी की अंग बरेच बाहेर आलेले असेल तर मूत्रमार्गाला बाक येतो आणि लघवी निसटणे झाकले जाते. अंग जागेवर बसवल्यावर ते उघड होते आणि बाईला वाटते, की शस्त्रक्रियेनेच बिघडवले. म्हणून शस्त्रक्रियेआधी अंग वर ढकलून खोकायला लावून पाहतात.

त्रास तिथेच थांबत नाही. वास येईल, पांघरूण ओले होईल, नवऱ्याला काही लागेल या धास्तीने बाई जवळ जाणे टाळते. नवऱ्याला कारण माहीत नसते. तो रागावतो, संशय घेतो किंवा गप्प बसतो. मुलांना मध्ये घेऊन झोपण्याची सवय लागते आणि पुढे तीच घराची रीत होऊन बसते.

गोव्याच्या शिरोड्यातून जे. जे.पर्यंत

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ चा, गोव्यातल्या शिरोडा गावचा. वाचकांचा इथे घोळ होतो. वेंगुर्ल्याजवळचे, मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे वेगळे. हे फोंडा तालुक्यातले शिरोडा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. विठ्ठलचे शालेय शिक्षण हुबळीला झाले आणि पुढे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज. तेथून १९२३ मध्ये एमबीबीएस आणि १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एमडी. मग इंग्लंड. १९३१ मध्ये एफआरसीएस झाले आणि ते मुंबईला परतले. इंग्लंडहून पदवी आणणाऱ्या शल्यचिकित्सकाला त्या काळी खासगी व्यवसायात मोठा मान होता. पण शिरोडकरांचे नाव ज्या कामाने झाले ते काम जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डांतले होते. तिथे ते मानद पदावर रुजू झाले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापकही झाले.

ती मुंबई डोळ्यांसमोर आणायला हवी. याच शहरात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले होते आणि १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी कर्व्यांना नोकरी सोडावी लागली आणि लेखनासाठी अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शिरोडकर हे प्रचारक नव्हते. त्यांचे काम टेबलावर, हातातल्या सुईने चाले. पण स्त्रीचे शरीर फक्त मुले जन्माला घालण्यासाठी नाही, आणि मुले हवी असतील तर तीही तिला होता यावीत, या दोन गोष्टी ज्या काळात एकत्र बोलल्याही जात नव्हत्या, त्या काळात हे दोघे एकाच शहरात काम करत होते.

मँचेस्टरची शस्त्रक्रिया मुंबईत का अडली?

शिरोडकर ज्या परंपरेत शिकले तिथे अंग बाहेर येण्यावर मान्य उपाय होता मँचेस्टर शस्त्रक्रियेचा. आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये ती मँचेस्टरला सुरू केली, पुढे फॉदरगिल यांनी तिच्यात बदल केले. गर्भाशयाचे लांबलेले तोंड कापून टाकायचे, बाजूचे ताणलेले अस्थिबंध ओढून पुढे शिवायचे आणि योनीच्या सैल भिंती आवळायच्या. काम चोख होते. ब्रिटनमध्ये या दुखण्याची रुग्ण बहुतेक पन्नाशी ओलांडलेली असे, मुले मोठी झालेली. तिच्यासाठी ते पुरेसे होते.

इथली रुग्ण मात्र वेगळी होती. विशी-पंचविशीची, एखादे मूल झालेली, कधी एकही न झालेली. तिला अजून मूल हवे होते आणि पुढे सगळा संसार होता. अशा बाईच्या गर्भाशयाचे तोंड कापले, तर गर्भ राहणे अवघड होते. राहिलाच तर धरून ठेवणारे तोंड नसल्याने तो मध्येच पडतो किंवा कळा अवेळी येतात. म्हणजे अंग जागेवर बसले, पण मूल गेले. आणि मूल नाही म्हणून सवत आणण्याची रीत तेव्हा समाजात होतीच.

शिरोडकरांनी शस्त्रक्रियेचा साचा ठेवला आणि कापण्याचा भाग काढून टाकला. गर्भाशयाच्या मागच्या बाजूला कण्याच्या तळाच्या हाडाकडे जाणारे दोन अस्थिबंध असतात. ते त्यांनी मागून सोडवून तोंडाच्या पुढच्या बाजूला आणले आणि तिथे एकमेकांवर घेऊन शिवले. गर्भाशय मागे व वर ओढले जाते आणि तोंड शाबूत राहते. आजही पाठ्यपुस्तकांत ही पद्धत मँचेस्टर शस्त्रक्रियेतील शिरोडकरांचा बदल म्हणून शिकवली जाते.

पण काही तरुण मुलींचे अस्थिबंध जन्मतःच कमकुवत असतात. शिवायला धड काही हातात लागत नाही. त्यांच्यासाठी शिरोडकरांनी पोट उघडून करायची दुसरी शस्त्रक्रिया बसवली. गर्भाशयाच्या मागे एक पट्टी टाचायची आणि तिचे टोक थेट कण्याच्या तळाच्या हाडाला बांधायचे, झोपाळा कडीला अडकवावा तसे. डाव्या बाजूला मोठे आतडे आडवे येते, म्हणून तिकडे पट्टी आधी कमरेच्या स्नायूतून ओवून मग हाडाकडे न्यायची. ही करायला कठीण शस्त्रक्रिया आहे. हाडाजवळ मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि मूत्रनलिका बोटभर अंतरावर असते. म्हणूनच पुढे पुरंदरे यांनी पोटाच्या पुढच्या भिंतीला आधार देणारी आणि खन्ना यांनी कमरेच्या पुढच्या हाडाला पट्टी बांधणारी सोपी पद्धत आणली. शिरोडकर, पुरंदरे, खन्ना ही तीन नावे स्त्रीरोगाच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी एका श्वासात म्हणतो. या प्रकारच्या शस्त्रक्रियांत भारताचा, त्यातही मुंबईचा वाटा मोठा आहे, याची सामान्य वाचकाला मात्र फारशी कल्पना नसते.

जगभर गेलेला टाका

शिरोडकरांचे नाव जगाला माहीत झाले ते वेगळ्याच कामामुळे. काही बायकांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येता, पुन्हा पुन्हा पडतो. विश्रांती, औषधे, नवस, काही चालत नाही. त्यांच्या मते दोष गर्भाशयाच्या सैल तोंडात होता. त्यांनी मूत्राशय थोडे वर सरकवून, तोंडाच्या आतल्या टोकाशी सभोवार एक पट्टी घातली आणि पिशवीचे तोंड नाडीने आवळावे तसे ते आवळले. सुरुवातीला ही पट्टी बाईच्याच मांडीवरच्या चिवट पडद्यातून काढलेली असे, पुढे कृत्रिम धाग्याची आली. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियात इयान मॅकडोनाल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचवला आणि आज अनेक ठिकाणी तोच घालतात. तरी शिरोडकर टाका हे नाव न्यूयॉर्कपासून नाशिकपर्यंत कायम आहे. १९६० मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, त्याच वर्षी पद्मभूषणही मिळाले.

ही दोन कामे सहसा वेगवेगळी सांगितली जातात. मला ती एकच वाटतात. एका कामात त्यांनी गर्भाशयाचे तोंड कापायला नकार दिला, दुसऱ्यात सैल झालेले तोंड धरून ठेवले. त्याचे मोल त्यांना कळले होते, कारण ते गेल्यावर काय होते हे वॉर्डात रोज दिसत होते.

मग संबंधांचे काय?

अंग जागेवर बसले, मूल होण्याची वाट मोकळी राहिली, पण बाईला शरीरसुख मिळते का, हा प्रश्न वैद्यकाने उशिरा विचारला. लिव्हरपूलच्या जेफकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये नोंदवले, की योनीच्या भिंती आवळण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक बायकांना संबंध दुखरे झाले किंवा शक्यच राहिले नाहीत. मागची भिंत जास्त घट्ट शिवली की हे होते. सैल आहे ते घट्ट केले म्हणजे नवरा खूश, हा समज तेव्हाही होता, आजही आहे. घट्टपणा आणि सुख या एकच गोष्टी नव्हेत. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना आपले संबंध सुरू आहेत, पुढेही हवे आहेत, हे सांगणे म्हणून गरजेचे आहे. त्यावरून टाके कुठे आणि किती घालायचे हे ठरते. लाजेने हे न सांगणाऱ्या बाईचे नुकसान होते.

दुसरी वाट अमेरिकेतून आली. आर्नल्ड केगेल या लॉस एंजेलिसच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. लघवी निसटणे थांबवणे हा मूळ हेतू. हा व्यायाम करणाऱ्या काही बायकांचे संबंधातले सुखही वाढल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि १९५२ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. शिरोडकर मुंबईत पट्ट्या बांधत होते त्याच वर्षांत. खोकल्याने लघवी निसटणाऱ्या बाईला आज पहिला उपाय हाच सांगतात, शस्त्रक्रिया नव्हे.

करायचे असे : वारा किंवा लघवी रोखताना आत जे स्नायू आवळले जातात तेच आवळायचे. पोट, मांड्या, नितंब सैल ठेवायचे, श्वास रोखायचा नाही. काही सेकंद धरायचे, तेवढेच सैल सोडायचे, आठ-दहा वेळा. असे दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच रोखून हा सराव करू नये. फरक पडायला साधारण तीन महिने लागतात आणि बहुतेकजणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. खोकला येण्याच्या क्षणी आधीच आवळून धरायची सवय लागली, तर अर्धे काम होते.

संबंधाआधी मूत्राशय रिकामे करणे, खाली जाड टॉवेल घालणे, पोटावर कमी दाब येईल अशी स्थिती निवडणे हे घरच्या घरी होते. नवऱ्याला सांगणे सगळ्यात अवघड. थेंबभर लघवीने त्याला सहसा काही होत नाही, हे मात्र त्याला माहीत असायला हवे. पाळी गेल्यावर कोरडेपणाने दुखत असेल तर लावायचे मलम डॉक्टर देतात. अंग बाहेर येत असेल आणि शस्त्रक्रिया नको असेल, तर आधाराची रबरी किंवा सिलिकॉनची रिंग बसवता येते. काही प्रकारच्या रिंगा संबंधाआधी काढून नंतर पुन्हा बसवता येतात.

१९७१ आणि त्यानंतर

शिरोडकर कुटुंब नियोजनाच्या चळवळीतही होते. २६ जानेवारी १९७१ ला त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि ७ मार्चला त्यांचे निधन झाले. सुरक्षित गर्भपाताला कायद्याची परवानगी देणारा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमत झाला. तो पाहायला ते नव्हते.

त्यांच्या माघारी पट्ट्यांचा इतिहास सरळ राहिला नाही. लघवी निसटण्यासाठी मूत्रमार्गाखाली बसवायची पट्टी स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९० च्या दशकात आणली आणि ती जगभर गेली. पण अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांनी बऱ्याच बायकांना वेदना आणि संबंधात त्रास झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये त्यांची विक्री थांबवली. पोटातून, आता दुर्बिणीने, बसवायच्या पट्ट्या ही वेगळी गोष्ट. शिरोडकरांची कल्पना त्याच वाटेने पुढे गेली आहे.

त्याच २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्याचा विषय विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशीतल्या बायका, पांढरे जाणे किंवा पोटदुखी अशी तक्रार, आणि उपाय म्हणून पिशवी काढणे. पाळीच्या दिवसांत खाडा होऊन पैसे कापले जातात, मुकादमाची उचल फेडायची असते, हाही हिशेब त्यात होता. पिशवी काढल्याने लघवी निसटणे थांबत नाही. आधाराचे अस्थिबंध कापले गेल्याने पुढे योनीचा वरचा भागच खाली येण्याची शक्यता राहते. तरुण वयात अंडाशयही काढले असतील तर कोरडेपणा, हाडे ठिसूळ होणे, इच्छा कमी होणे हे पाठोपाठ येते.

म्हणून पिशवी काढा असे कोणी सुचवले, तर सही करण्याआधी विचारावे : निदान काय, कर्करोगाचा संशय आहे का, व्यायाम, रिंग किंवा गर्भाशय ठेवून करायची शस्त्रक्रिया माझ्या बाबतीत का चालणार नाही, अंडाशय ठेवणार का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला काही दिवस गेले तरी या दुखण्यात सहसा बिघडत नाही. अपवाद लक्षात ठेवायचे. लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, लघवी अजिबात न होणे, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, आणि बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस थेंब थेंब लघवी गळत राहणे. हे शेवटचे म्हणजे मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडल्याची खूण असू शकते, आणि ते शस्त्रक्रियेने बुजवता येते.

शिर्डीच्या बाईला यासाठी मुंबईला जावे लागत नाही. गावातच संस्थानची रुग्णालये आहेत आणि राहाता तालुक्यातच लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. केसपेपर काढताना तक्रार सांगायची लाज वाटत असेल, तर कागदावर दोन ओळी लिहून डॉक्टरांच्या हातात दिल्या तरी चालते. कधीपासून, कशाने निसटते, दिवसातून कितीदा कपडा बदलावा लागतो आणि संबंधाच्या वेळी काय होते, एवढे त्यात असावे.